बावीस बाकांची विधानसभा

‘महामारीतल्या निर्बंधांचा आणि शाळा बंद राहिल्याचा तुमच्या गावच्या विधानसभेच्या मतदानावर काही परिणाम झाला का?’

निकाल लागून पंधरा दिवस झाले होते. बेळगावहून टॅब घेऊन आलेल्या शाल्मली नावाच्या मुलीनं मला हा प्रश्न विचारला. ती कसलासा अभ्यास करत होती. उत्तराला तीन पर्याय होते : हो, नाही, सांगता येत नाही. मी ‘हो’ म्हणालो. तिनं ‘हो’वर बोट टेकवलं, तसा खाली एक चौकोन उघडला आणि त्यात ‘वीस शब्दांत सांगा’ असं उमटलं.

वीस शब्दांत नुसते बाकांचे नंबरसुद्धा मावत नाहीत. बाक बावीस होते.

बेळगुंदीकडून येणारी बस दीड तास येणार नव्हती, त्यामुळं शाल्मलीला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. तिला सांगितलं तेच इथं लिहितो.

शाळा बंद झाल्या त्या वर्षी मी नुकताच बी.एड. झालो होतो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, असं माझी आई सोडून सगळे मानतात. आमच्या जांभुळगाळीच्या सरकारी मराठी शाळेच्या हेडबाई, पद्मजाबाई, बेळगावहून स्कुटीवर यायच्या. मुलांनी शाळेत यायचं नाही, पण बाईंनी गल्लीत जाऊन शिकवायचं, असा वरून आदेश होता. विषाणू शाळेत होता, गल्लीत नव्हता. मग मुलं कुणाच्या दारात, कुणाच्या गोठ्याकडेला बसायची. मांडीवर वही आणि वहीवर शेळी, अशा परिस्थितीत बाई त्यांना भागाकार शिकवत होत्या. आणि तिकडं शाळेत लोखंडी पायांचे, पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेले बावीस बाक रिकामे उभे होते.

मला एक कल्पना सुचली. माझा गुन्हा एवढाच.

मारुतीच्या देवळासमोर बैठक झाली. सहा-सहा फुटांवर बसायचा नियम असल्यामुळं पहिली रांग देवळात होती आणि शेवटची ओढ्यापलीकडं. मी घसा खरवडून म्हणालो, “शाळा घरी नेता येत न्हाय, पण बाक नेता येतोय. दोन-तीन घरांत मिळून एक बाक न्या. पोरं त्याच्यावर बसून शिकतील. शाळा बंद हाय तवर बाक तुमचा!” टाळ्या झाल्या. आयुष्यात मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि हिशेब बघता शेवटच्याही.

मधे एक पोटनिवडणूक येऊन गेली. मतदान शाळेतच झालं, पण बाक कुणाला आठवले नाहीत, कारण त्या निवडणुकीत बसायला बंदी होती. चुन्याची वर्तुळं आखली होती, त्यात उभं राहायचं. कपाळाला यंत्र दाखवायचं. उजव्या हातात घालायला प्लॅस्टिकचा एक हातमोजा मिळायचा, एकच. आमच्या चहाच्या दुकानवाल्या भरमूअण्णानं तो अजून जपून ठेवलाय. भज्याचं पीठ कालवताना तो घालतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, “सरकारी हात हाय, निवांत खावा.”

पुढं शाळा उघडली, तर एका बाकावर एकच मूल बसवा असा आदेश. मुलं सेहेचाळीस, बाक बावीस. पद्मजाबाईंनी मनातल्या मनात भागाकार केला आणि सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. सतरंजीवर किती मुलं बसवायची याबद्दल आदेश गप्प होता. अशा रीतीनं बाक घरोघरी मुरले, आणि तीन वर्षांत त्यांच्यावर बसून कुणी शिकलेलं मला तरी आठवत नाही.

मग आली विधानसभा.

एप्रिलातल्या एका शुक्रवारी सेक्टर ऑफिसर राघवेंद्र साहेब बूथ तपासायला आले. मूळचे चिकोडीकडचे, पाणीपुरवठ्यातले इंजिनिअर, निवडणुकीपुरते आमच्या नशिबाला आलेले. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि बाई स्वतः निवडणुकीच्या कामावर गेल्या होत्या, म्हणून किल्ली माझ्याकडं होती. साहेबांनी रॅम्प बघितला, नळ सोडून बघितला, दिवा लावून बघितला. मग वर्गात शिरले आणि बाहेर आले.

“फर्निचर?”

“दोन टेबलं आहेत, साहेब.”

“रेकॉर्डला बावीस बेंच हायत. लोकांनी रांगेत उन्हात उभारायचं काय? बसायची सोय पायजे, असा नियम हाय.”

मी म्हणालो, भाड्यानं खुर्च्या आणता येतील. साहेबांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. “ज्या शाळेत बेंच न्हाईत त्या शाळेला खुर्च्या मिळतात. तुमच्या शाळेत बावीस हायत. बावीस बेंच असलेल्या शाळेला मी खुर्च्या कशा देऊ?”

“पण ते इथं नाहीत.”

“ते कागदाला म्हाईत न्हाय.” आणि निघताना ते कन्नडमध्ये म्हणाले, “बेंच इल्ला अंद्र बूथ इल्ला.” बेंच नाहीत तर बूथ नाही. पुढच्या शनिवारी परत येतो, बावीस बाक मोजतो. नाहीतर शाळा बूथला योग्य नाही असं वर लिहून तुमचं मतदान खाचरवाडीच्या शाळेत हलवतो.

खाचरवाडी आमच्यापासून अडीच किलोमीटर. जगात त्याहून लांबचं ठिकाण नाही. पण बाकीच्यांचं सोडा. प्रश्न अंबुबाईंचा होता.

अंबुबाईंना सगळा गाव आक्का म्हणतो. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्यांनी एकही मत चुकवलेलं नाही. एकदा तर नातवाच्या बारशातून पाळणा अर्धा हलवून त्या मत टाकून आल्या होत्या. त्यांचं माहेर खाचरवाडी. छत्तीस वर्षांपूर्वी तिथं पुतण्याच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना खुर्च्या मिळाल्या आणि सख्ख्या आत्याला सतरंजी. आक्का अक्षता टाकून न जेवता उठल्या, ते परत त्या शिवेत पाय टाकला नाही. ऐंशीच्या वरच्यांचं मत घरी येऊन घ्यायची सोय या खेपेला झाली होती, पण आक्का कार्डावर एकोणऐंशीच्या. मी म्हणालो, थोडं वय वाढवून बघू काय? “का रं नाग्या,” त्या म्हणाल्या, “मी अंथरुनाला खिळलोय व्हय? मी जाणार, बोटाला शाई लावून घेणार, आणि चालत येणार. ह्या गावात.”

म्हणजे बूथ गेला की आक्कांचं मत गेलं. आणि बूथ घालवणारा माणूस मी.

यात गंमत एवढीच, की बाक नंबर सात आक्कांच्याच दारात होता. त्यावर गोधडीची घडी टाकून त्या सकाळी सहाला बसत, ते दिवेलागणीला उठत. कोण कुठं गेलं, कुणाकडं पाहुणे आले, कुणाची म्हैस कुणाच्या शाळूत शिरली, याची नोंद त्या बाकावर होई. तो मागायला गेलो तर म्हणाल्या, “बेंच देणार न्हाय. आणि खाचरवाडीला बी जाणार न्हाय. काय करायचं त्ये तू कर. शिकलायंस न्हवं?”

बाकीचे एकवीस तरी आणू म्हणून मी गावच्या ग्रुपवर सविनय संदेश टाकला. एक्केचाळीस अंगठे आले, तीन जोडलेले हात, आणि ‘शुभ सकाळ’ लिहिलेला एक गुलाब. बाक एकही आला नाही.

मग भरमूअण्णाचा टेम्पो घेतला. भरमूअण्णाच्या दुकानात बाक नंबर तीन आणि चार होते, गिऱ्हाइकं त्यांवरच बसायची. दुसऱ्यांकडून बाक कसे काढायचे याबद्दल त्याच्याकडं उत्तम सल्ले होते. “पयला म्हाताऱ्यास्नी गाठ. म्हातारं हो म्हटलं की घर हो म्हणतंय.”

“अण्णा, तुमचे दोन आधी टाकू काय टेम्पोत?”

“माझं शेवटाला. मी काय कुठं पळून जायलोय?”

पहिल्याच गल्लीत टेम्पो उभा राहिला, तशी एक बाई फुटकी बादली आणि सायकलचं चाक घेऊन धावत आली. “ह्याचं किती देतोस?” मी नम्रपणे सांगितलं, की मी भंगारवाला नाही, बी.एड. आहे. ती म्हणाली, “व्हय की, पण बादलीचं किती?” आईनं हे दारातून बघितलं. तिनं काही बोलायची गरज नव्हती, पण तिनं बोलून घेतलं.

जयाबाईंकडच्या बाकाखाली कोंबडी अंडी उबवत बसली होती. “बेंच हलला तर कोंबडी उठती. कोंबडी उठली तर अकरा अंडी गेली. एकवीस दीस लागत्यात, आज सातवा हाय.” मी मनात मोजलं. कोंबडीचा कार्यक्रम आणि निवडणूक आयोगाचा कार्यक्रम यांत ताळमेळ नव्हता. शेवटी बाक वरच्या वर उचलून कोंबडीवर तसलाच अंधार करायला उलटी पाटी ठेवली. जयाबाईंनी माझ्याकडून वचन घेतलं, की एक जरी अंडं वाया गेलं तरी मी त्याची जबाबदारी घेईन. नेमकी कशी घ्यायची ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

भावकूच्या घरी बाकावर देव मांडले होते. “गुरुजींनी मुहूर्त काढून बसवल्यात. आता उठवायचं तर मुहूर्त पायजे.” गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, देवांना उठवायला या महिन्यात मुहूर्त नाही, पण बाकाला उठवायला चालेल. यातला फरक मला कळला नाही, भावकूला लगेच कळला. पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी त्यानं देव दोन्ही हातांवर तसेच धरून ठेवले, मी खालून बाक काढला, आणि त्याच्या बायकोनं खाली पाट सरकवला. देवांना पत्ता लागला नाही.

बाकीच्यांकडं एकच युक्तिवाद होता, आणि तो माझाच होता. “शाळा बंद हाय तवर बाक तुमचा, असं तूच म्हणालतास. आता सुट्टी हाय. म्हंजे शाळा बंद हाय.” मी म्हणायचो, ते महामारीपुरतं होतं. “तसं कुठं म्हणालतास? आम्ही काय, ओढ्याच्या पल्याडनं बी ऐकलंय.” वकील करायची ऐपत नसलेल्या माणसानं भाषण करू नये, हे मला तेव्हा कळलं.

तोवर गावात प्रचार सुरू झाला होता. आमच्या बाकांचा कुणाला काय उपयोग हे मला कळायच्या आत दोन्ही बाजूंच्या पोरांना कळलं. एका सभेत जाहीर झालं, “आमचा माणूस निवडून आला तर तुमच्या दारातला बाक कुणाच्या बापाला नेता येणार न्हाय!” त्याच संध्याकाळी दुसऱ्या सभेत, “आम्ही घर तिथं बाक देऊ!” रस्ता, पाणी, शाळेचं गळणारं छप्पर सगळं मागं पडलं. मी टेम्पोतून बाक नेताना दिसलो, की एका बाजूची पोरं मला दुसऱ्या बाजूचा समजत आणि दुसऱ्या बाजूची पहिल्या बाजूचा. अशी सर्वपक्षीय नावड आमच्या गावात याआधी फक्त वीज बिल वाटणाऱ्याच्या वाट्याला आली होती.

मंगळवारपर्यंत तेरा बाक जमले. ते शाळेकडं नेताना वळणावर भरारी पथकाची गाडी आडवी आली.

“हे मतदारांना वाटायला नेताय?” पथकाचे साहेब.

“नाही साहेब. मतदारांकडून परत घेतोय.”

साहेबांनी टेम्पोभोवती एक चक्कर मारली. त्यांच्या नोकरीत त्यांनी साड्या बघितल्या होत्या, कुकर बघितले होते, भिंतीवरची घड्याळं बघितली होती. “निवडणुकीच्या टायमाला मतदाराकडून कोण काय परत घेतंय?”

“मी घेतोय.”

“कुठल्या पार्टीचा?”

“बी.एड.चा.”

फॉर्मवर वाटप करणाऱ्याचं नाव होतं, वाटपाचं साहित्य होतं, लाभार्थींची संख्या होती. परत घेण्याचा रकाना नव्हता. साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि शेऱ्यात लिहिलं : ‘वाटपाची दिशा उलटी असल्याचा दावा.’ मग तेरा बाक टेम्पोसकट जप्त झाले. सुटका हवी तर बाक शाळेचे असल्याचा हेडबाईंच्या सहीचा कागद आणायचा. टेम्पो गेला तसा भरमूअण्णा रस्त्यातच बसला. “तरी बरं,” तो म्हणाला, “माझं दोन त्यात न्हवतं.”

हेडबाईंना त्या दिवशी निवडणुकीचं प्रशिक्षण होतं. कुठं? निपाणीला. मी मोटारसायकलला किक मारली. हायवेवरून पंचाहत्तर किलोमीटर, डोक्यावर ऊन आणि खिशात बावीस बाकांची यादी. निपाणीत तंबाखूच्या वखारीमागच्या एका सभागृहात दोनशे शिक्षक मतदानयंत्र जोडायला शिकत होते. दारावरचा पोलीस सोडेना. मी मागच्या बाजूला गेलो. खिडकीशी तिसऱ्या रांगेत पद्मजाबाई. मी गजातून कागद आत सरकवला.

बाईंनी मान न वळवता दबक्या आवाजात विचारलं, “खिडकीतून कागद? नागेंद्र, तीस वर्षं मी असली मुलं पकडत आलेय.”

“बाई, नुसती सही. बाक जप्त झालेत.”

“कुठले बाक?”

तिथं मला कळलं, की आपल्या शाळेतले बाक गेली तीन वर्षं शाळेतच आहेत असा बाईंचा समज होता. नाही म्हणजे, त्यांना आठवत होतं, पण आठवत नसण्यात त्यांचं भलं होतं. त्यांनी सही केली. तेवढ्यात व्यासपीठावरचे साहेब गरजले, “खिडकीपाशी काय चाललंय?” आणि आयुष्यभर वर्गाकडं पाठ करून फळ्यावर लिहिताना सुद्धा कोण बोलतंय ते ओळखणाऱ्या पद्मजाबाई उभ्या राहिल्या, बोट समोरच्या रांगेकडं दाखवलं आणि म्हणाल्या, “मी नाही सर, हे.” मी धूम ठोकली.

गुरुवारी टेम्पोसकट तेरा बाक सुटले आणि सुटलेल्या टेम्पोनं त्याच दिवशी आणखी पाच गोळा केले. शुक्रवारी यल्लाप्पाच्या परड्यात झोपाळा करायचा म्हणून पाय काढून ठेवलेला बाक पाय बसवून आणला. संध्याकाळी भरमूअण्णा स्वतः तीन आणि चार नंबर डोक्यावर घेऊन आला, कारण सगळा गाव त्याच्या दुकानात उभा राहून चहा पीत ‘तुझं कवा?’ असं विचारायला लागला होता. एकवीस झाले.

शनिवारी दहाला राघवेंद्र साहेब येणार. मी आठला आक्कांच्या दारात जाऊन उभा राहिलो. हात जोडून झाले. बूथ जाईल, मत जाईल, हे सांगून झालं. आक्का गोधडीवर बसून माझ्याकडं बघत होत्या.

“नाग्या, मी तुला एक सांगू?” त्या म्हणाल्या. “माहेरात बसाय पोतं हुतं. सासरी आलो, उंबऱ्यावर बसलो. शेतात बांधावर. देवळात मागं, खांबाला टेकून. बँकेत गेलो तर त्यो साहेब म्हणतोय, आजी, तिकडं भिंतीला उभारा. ऐंशीचा आकडा आला बग, आणि पाठ टेकून बसायला हे एक मिळालं. त्ये बी तू दिलंस. आता तूच मागायलास.”

 मी खाली जमिनीवर बसलो.

मग आक्का म्हणाल्या, “किती वाजता येतोय त्यो मोजणारा?”

“दहाला.”

“बेंच ने. पण मी उठणार न्हाय.”

मला वाटलं हा नकार आहे. माझ्या मागं येऊन उभ्या राहिलेल्या भरमूअण्णाला तो होकार वाटला. त्यानं तीन पोरांना हाक मारली, एकेक पाय एकेकानं धरला, चौथा मी, आणि बाक नंबर सात आक्कांसकट वर उचलला. आक्कांनी पदर सारखा केला आणि एका हातानं बाकाची पाठ धरली. आम्ही निघालो.

बाक उचलून नेताना माणूस सरळ चालू शकत नाही, थोडा डुलत चालतो. वर आक्का डुलत होत्या. पहिल्या कोपऱ्यावर कुणीतरी हसलं, दुसऱ्यावर कुणीतरी नमस्कार केला. जयाबाईंनी आक्कांना कुंकू लावलं. चौकात प्रचाराला आलेली हलगीवाली मंडळी चहा पीत उभी होती. त्यांना वाटलं आपल्याच उमेदवाराचा कार्यक्रम आहे, त्यांनी हलगी सुरू केली. दुसऱ्या बाजूच्यांना वाटलं आपण मागं पडलो, त्यांनी ताशा आणला. शाळेच्या वळणावर पोचेतोवर आमच्या मागं दीडशे माणूस होतं, आणि पुढं भरारी पथकाची गाडी.

तेच साहेब उतरले. त्यांनी मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

“मिरवणुकीची परवानगी?”

“साहेब, ही मिरवणूक नाही. बाकाची डिलिव्हरी आहे.”

“वर बाई बसल्यात!”

“त्या उठत नाहीत.”

साहेबांनी आक्कांकडं बघून आवाज मऊ केला. “आजी, तुम्ही कुठल्या पार्टीच्या?”

आक्का वरून म्हणाल्या, “मला मत टाकायचंय. पार्टी मशिनीत बघतो.”

फॉर्म काढला गेला. साहेबांनी पेन धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग फॉर्म खिशात घालून ते गाडीत बसले आणि आमच्या पुढं चालू लागले. म्हणजे शेवटचे दोनशे मीटर आमच्या बाकाला सरकारी गाडी होती.

राघवेंद्र साहेब व्हरांड्यात उभे होते. त्यांनी बाक मोजले. एकवीस. मग आमच्याकडं बघितलं. आम्ही नंबर सात खाली टेकवला, आक्कांसकट. साहेबांनी वाकून पाठीवरचा नंबर वाचला, यादीवर खूण केली आणि म्हणाले, “आयतु.” म्हणजे झालं. मला वाटतं विश्वाची निर्मिती संपली तेव्हा कुणीतरी असंच म्हणालं असेल.

बूथ वाचला. पण कहाणीतला आकड्यांचा भाग पुढंच आहे, आणि शाल्मलीनं टॅबमध्ये खरं म्हणजे तो लिहायला हवा होता.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांग लागली, तीही अशी, की कर्मचाऱ्यांनी गेटबाहेर डोकावून कुठं दंगल आहे काय ते बघितलं. लोक मत द्यायला आले होते, पण त्याहून जास्त आपला बाक बघायला आले होते. “ये, त्या सोळावर कोण बसलाय? पाय खाली सोड, आमचा हाय त्यो.” ज्या भावकूनं गेल्या दोन निवडणुकांत मत दिलं नव्हतं तो सकाळी आला, देवांच्या बाकावर कुणी चपला घालून बसत नाही ना ते दुपारपर्यंत बघत राहिला, आणि मग एवढा वेळ आहोतच तर म्हणून मत देऊन गेला. पुण्याला नोकरीला असलेला यल्लाप्पाचा मुलगा बापानं पाय नीट बसवलेत की नाही हे बघायला आला. जयाबाईंची कोंबडी दर तासाला शंभर मीटरच्या रेषेच्या आत येऊन तिच्या बाकाखाली बसून जात होती. पाटीखालची अंडी तिनं कधीच नाकारली होती. त्या अकरा अंड्यांबद्दल माझी आणि जयाबाईंची बोलणी अजून चालू आहेत.

आणि आक्का? आक्का सातला येऊन सात नंबरवर बसल्या. रांग पुढं सरकली की त्या शेजारणीला म्हणत, “तू जा गं फुडं, तुझं पोर घरात हाय. मला काय घाई.” अकराला म्हणत होत्या. दोनला म्हणत होत्या. मतदान अधिकारी अस्वस्थ झाले. मत न देता केंद्रात बसून राहता येत नाही. पण आक्का रांगेत होत्या, आणि रांगेतल्या मतदाराला उठवता येत नाही. संध्याकाळी सहाला वेळ संपली. उरलेल्या लोकांना शेवटच्यापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटतात. सगळ्यांत शेवटी आक्का होत्या, म्हणून त्यांना चिठ्ठी मिळाली नंबर एकची. ती त्यांनी मला उंच करून दाखवली. मग आत गेल्या, मत दिलं, बोट पुढं धरून बाहेर आल्या आणि चालत घरी गेल्या. ह्या गावात.

आमच्या बूथवर आधीच्या खेपेला एकाहत्तर टक्के झालं होतं. या खेपेला चौऱ्याण्णव. राघवेंद्र साहेबांनी मला फोन करून विचारलं, काय जनजागृती केली? मी म्हणालो, बाक. ते म्हणाले, नीट सांगा, वर कळवायचं आहे. निवडून कोण आलं ते सांगत नाही. त्यात बाकांचा दोष नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला कुलूप लावायला गेलो. बाक मोजले. एकवीस.

मी आक्कांच्या घराकडं गेलो. सात नंबर दारात होता, गोधडीची घडी जागेवर होती आणि घडीवर आक्का. कुणी नेऊन दिला हे मी विचारलं नाही. भरमूअण्णा बराच वेळ आकाशाकडं बघत चहा गाळत होता.

“आक्का, ह्यो शाळेचा हाय न्हवं?”

“शाळा बंद हाय न्हवं?” आक्का म्हणाल्या. “शाळा बंद हाय तवर. तुझंच भाषान. जूनात उघडली की ने.”

इथवर सांगून झालं तेव्हा बसला वीस मिनिटं होती. शाल्मलीनं टॅबवरचा वीस शब्दांचा चौकोन एकदा बघितला आणि मिटवला. तिला अजून साठीच्या वरची एक महिला मतदार हवी होती. मी समोरच्या घराकडं बोट केलं. ती तिकडं गेली, टॅब छातीशी धरून उभी राहिली आणि घोटून आणलेला प्रश्न विचारू लागली. “आजी, महामारीतल्या निर्बंधांचा आणि शाळा बंद राहिल्याचा तुमच्या मतदानावर काही...”

आक्कांनी तिला मधेच थांबवलं. गोधडीची घडी अर्धी उलगडली आणि शेजारच्या जागेवर पसरली.

“उभ्यानं काय इचारतीस गं पोरी? बस की हितं. पाठ टेक.”